लिंगनबेरी: जंगलात पायाखाली, अंगणात मात्र पिवळी

नवी मुंबईच्या आयकियात मीटबॉलच्या ताटलीत जो चमचाभर लाल जॅम येतो, तो लिंगनबेरीचा. इकडे बहुतेकांची या फळाशी ओळख तेवढीच. पण स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्कॉटलंड किंवा अमेरिकेच्या वायव्य टोकाला ज्यांचं घर आहे आणि घरामागे थोडीफार जमीन आहे, त्यांना हे झाड वेगळ्याच कारणासाठी भुरळ घालतं. बाराही महिने हिरवं, जेमतेम वीतभर उंच, स्वतःच पसरून जमीन झाकणारं, वर खायला फळं. लॉन कापायची कटकट वाचते. नर्सरीत रोप सहज मिळतं, हौसेने लावलं जातं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडून झाड बसतं. मग खत घातलं जातं. मग ते मरतं.

घरापासून सायकलने दहा मिनिटांवर मात्र तेच झाड पाईनच्या जंगलात मैलोनमैल पसरलेलं असतं. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत तर नाहीच. तिथे जगतं आणि इथे का मरतं, याचं उत्तर जवळजवळ सगळं मातीत आहे. हवामान दोन्हीकडे एकच असतं.

आधी झाड ओळखून घेऊ. शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम व्हिटिस-आयडिया. ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी ही याच प्रजातीतली भावंडं, ऱ्होडोडेंड्रॉन त्याच कुळातलं. उंची 10 ते 30 सेंटिमीटर. पान लहान, जाड, चामड्यासारखं चिवट, वरून तकतकीत गडद हिरवं. पान उलटं करून पाहा: खालची बाजू फिकट असते आणि तिच्यावर बारीक तपकिरी ठिपके विखुरलेले दिसतात. पानाची कड किंचित खाली वळलेली असते. हे ठिपके लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. फुलं पांढरी-गुलाबी, घंटेच्या आकाराची, फांदीच्या टोकाला झुपक्याने. फळ लाल, वाटाण्याएवढं किंवा त्याहून थोडं मोठं, सप्टेंबरात पिकतं. चवीला आंबट आणि मागाहून किंचित कडू. जमिनीखालून आडवी खोडं पसरतात, त्यांना जागोजागी धुमारे फुटतात. त्यामुळे जंगलात अंगणभर पसरलेला ताटवा कित्येकदा एकाच झाडाचा असतो.

आता माती. शेतीशी थोडा जरी संबंध असेल तरी 'सामू' हा शब्द कानावरून गेलेला असतो: माती आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी, हे सांगणारा आकडा. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. या आकड्याची एक खोड अशी, की तो एकाने उतरला की आम्लता दहापट होते. लिंगनबेरीला सामू साधारण 4.5 ते 5.5 लागतो. पाईनच्या जंगलात वरच्या थरात, म्हणजे सुया, शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या पाचोळ्याच्या थरात, तो 4 च्या आसपास असतो. बागेची माती 7 ची असेल, तर ती जंगलातल्यापेक्षा हजारपट कमी आम्ल आहे. आकड्यात फरक दिसतो फक्त तीनचा, म्हणून तो कोणी मनावर घेत नाही.

स्वीडनमध्ये उप्साला आणि आसपासचा उपलांड हा प्रांत याचा उत्तम नमुना आहे. हिमयुगात बर्फाने समुद्रतळाचा चुनखडक खरवडून दक्षिणेकडे आणला, त्यामुळे इथल्या सखल भागातल्या चिकणमातीत चुना मिसळलेला आहे. गहू त्यात झकास येतो. घरंही याच सपाटीवर बांधली गेली. जंगल मात्र उंचवट्यांवरच्या खडकाळ जमिनीवर आहे. तिथे हजारो वर्षांच्या पावसाने आणि वितळलेल्या बर्फाने वरचा थर धुऊन काढलाय आणि त्यावर आम्ल पाचोळ्याची गादी साचलीय. लिंगनबेरीची मुळं या वरच्या गादीतच राहतात, खाली जातच नाहीत. म्हणजे एकाच गावात दोन जमिनी आहेत, आणि आपण राहतो चुकीच्या जमिनीवर.

चुन्याच्या जमिनीत नेमकं काय बिघडतं? पहिलं, लोह. मातीत लोह भरपूर असतं, पण मुळाला ते विरघळलेल्या रूपातच घेता येतं, आणि सामू चढला की त्याचं विरघळणं झपाट्याने कमी होतं. लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. म्हणून कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चित्र नवीन नाही. चुनखडीच्या जमिनीत उसाच्या खोडव्यावर 'केवडा' पडतो तो हाच, आणि त्यावर हिराकस फवारतात तोही याचसाठी. उसाला फवारणीने तात्पुरतं सावरता येतं. लिंगनबेरीलाही पंधरा दिवस हिरवी दाखवता येईल, पण मुळाखालची माती बदलली नाही तर ती पुन्हा पिवळी होणारच.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. वनस्पतींना नत्र दोन रूपांत मिळतं, नायट्रेट आणि अमोनियम. चांगल्या मशागतीच्या बागेत जिवाणू बहुतेक नत्राचं नायट्रेट करून टाकतात, आणि टोमॅटोपासून गुलाबापर्यंत सगळे ते आवडीने खातात. आम्ल जंगलात हे जिवाणू फारसे चालत नाहीत. तिथे नत्र अमोनियमच्या रूपात असतं, किंवा कुजणाऱ्या पाचोळ्यात अडकून पडलेलं असतं. लिंगनबेरी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच पोसलेली, त्यामुळे नायट्रेट पचवायची तिची ताकद तोकडी. पाचोळ्यात अडकलेलं नत्र काढण्यासाठी तिने बुरशीशी भागीदारी केली आहे. तिच्या मुळांना इतर झाडांसारखे मूलरोम नसतात. त्याऐवजी अतिशय बारीक, केसाएवढी मुळं असतात आणि त्यांच्या पेशींत एक खास बुरशी राहते. बुरशी पाचोळा फोडून नत्र आणि स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. सदाहरित असण्यामागेही हीच काटकसर आहे. नापीक जमिनीत दरवर्षी सगळी पानं नव्याने काढायची ऐपत नसते, म्हणून एकेक पान जाड, टिकाऊ बनवायचं आणि ते दोन-तीन वर्षं चालवायचं.

अशा झाडाला मूठभर रासायनिक खत किंवा टोपलीभर शेणखत घातलं की काय होईल ते उघड आहे. झाडाला ते धड वापरता येत नाही. वापरलंच, तर उन्हाळ्याच्या अखेरीस लुसलुशीत शेंडे फुटतात आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत करपतात. आणि ज्याला ते खरंच वापरता येतं ते गवत तरारून येऊन वीतभर झुडपाला गिळून टाकतं. जंगलात लाकूड वाढावं म्हणून नत्र टाकतात, तिथेही बेरीची झुडपं मागे हटून गवत पुढे सरकतं, हे नॉर्डिक देशांत पुरेसं दिसून आलं आहे. बागेत लिंगनबेरी उपाशी राहून मेली असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा ती जास्त लाडाने जाते.

लावण्याआधी मातीची परीक्षा करा. बागेतली चमचाभर माती वाळवून बशीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं, बुडबुडे आले, तर मातीत मोकळा चुना आहे. मग ती माती सुधारायचा नाद सोडा. कशासाठी, त्याचा हिशेब सांगतो. एक चौरस मीटर जागेत 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत जवळपास दोनशे किलो माती असते. तिच्यात चुना फक्त 1 टक्का धरला तरी तो दोन किलो झाला. एवढा चुना मारायला 600 ग्रॅमच्या वर शुद्ध गंधक लागतं, आणि हे फक्त चुना संपवण्यापुरतं. सामू खाली उतरायला त्यानंतर कुठे सुरुवात होणार. शिवाय गंधक स्वतः आम्ल नसतं. मातीतले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि थंड देशात त्याला महिनेच काय, वर्षही लागतं. तोवर आजूबाजूच्या मातीतून पाण्यावाटे चुना पुन्हा येत राहतो. मोकळा चुना म्हणजे मातीने बँकेत टाकलेली ठेव आहे. तुम्ही ओतलेलं आम्ल त्यातून थोडं काढतं, शिल्लक जागच्या जागी.

याच कारणाने घरगुती उपाय इथे चालत नाहीत. कढीपत्त्याला आंबट ताक घालायची आपली जुनी सवय, ती इथेही कामी येईल असं वाटणं साहजिक आहे. पण ताकातलं आणि व्हिनेगरमधलं आम्ल जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात, सामू परत जागेवर. कॉफीचा चोथा आम्ल असतो हाही एक लाडका समज. आम्ल बरंचसं कपात उतरलेलं असतं, उरलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो. पाईनच्या सुया तर सगळेच पसरतात. आच्छादन म्हणून त्या उत्तम आहेत, तण दाबतात, ओल धरतात. पण त्या पसरल्याने खालची माती आम्ल होते असं नाही. पाईन तिथे येतात कारण जमीन आधीच आम्ल असते, हे आपण उलटं वाचतो.

व्हिनेगरने काहीच फसफसलं नाही, तर सामू मोजायचा संच आणा. 6 च्या आसपास असेल आणि माती वाळूसर असेल, तर लागणीआधी वर्षभर गंधक मिसळून ठेवणं चालतं. सिअ‍ॅटल-पोर्टलंडच्या पट्ट्यात पावसाने धुतलेली जमीन मुळातच आम्ल असते, तिथे बऱ्याच जणांना एवढंही करावं लागत नाही. शेजारच्या अंगणात ऱ्होडोडेंड्रॉन हिरवागार असेल तर तेही चांगलं लक्षण.

बाकी सगळ्यांसाठी सरळ मार्ग म्हणजे वाफाच वेगळा करायचा. जमिनीवर लाकडी चौकट ठेवून 25-30 सेंटिमीटर उंचीचा वाफा, आणि त्यात बाहेरून आणलेली आम्ल माती. स्वीडनमध्ये ही 'ऱ्होडोडेंड्रॉनयुर्ड' म्हणून पिशव्यांत मिळते, ब्रिटनमध्ये 'एरिकेशियस कंपोस्ट' मागायचं. तिच्यात खडबडीत वाळू आणि पाईनची साल मिसळा, म्हणजे पाणी साचणार नाही. पाणी साचलं की मूळकूज येते, मग सामू कितीही बरोबर असो. पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला शेवाळाचा थर, न वापरलेली माती मिळाली तर ती घ्यावी असं माझं मत आहे. पीटचा थर वर्षाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरने वाढतो, आणि तो खणून आपण बागेत पसरायचा हे मनाला पटत नाही. सालीच्या आणि लाकडी तंतूंच्या मिश्रणात झाड चांगलं येतं, पाण्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं इतकंच.

वाफ्याची जागा निवडताना ऊन पाहा. सावलीत लिंगनबेरी जगते, पसरतेही, पण फळ धरत नाही. घराच्या काँक्रीटच्या पायाला किंवा चुना-सिमेंटच्या भिंतीला लागून वाफा करू नका, प्रत्येक पावसात त्यातून चुना उतरतो. आणि पाणी कसलं घालता तेही बघा. लंडनसारख्या ठिकाणी नळाचं पाणी जड असतं. रोज थोडा चुना पाजल्यासारखंच ते, दोन-तीन उन्हाळ्यांत आणलेली आम्ल माती निकामी होते. छपराच्या पन्हळीखाली पिंप ठेवा, पावसाचं पाणी वापरा.

रोपं 30-35 सेंटिमीटर अंतराने लावली तर चौरस मीटरला आठेक बसतात. जंगलातून उपटून आणायचा मोह होतो, पण ती सहसा लागत नाहीत. बारीक मुळं आणि त्यांतली बुरशी तुटते. शिवाय स्वीडनच्या 'अल्लेमान्सरेत्तेन' या हक्काखाली कोणाच्याही जंगलात बेरी तोडता येतात, झुडूप खणून नेता येत नाही. नर्सरीतलंच रोप घ्या. 'कोराल्ले' ही नेदरलँड्समधली जुनी जात सगळीकडे मिळते आणि दिसायलाही सुरेख असते. स्वीडनमध्ये निवडलेल्या 'सुस्सी' आणि 'सान्ना' उत्तरेकडच्या थंडीला अधिक पक्क्या. एकाच जातीलाही फळ धरतं, पण दोन जाती शेजारी लावल्या तर फळं जास्त आणि मोठी येतात. परागीभवन मुख्यतः भुंगेमाश्यांचं, म्हणजे बंबलबींचं, काम आहे. या फुलाचे परागकोश टोकाशी बारीक छिद्राने उघडतात, मिरपुडीच्या डबीसारखे, नुसतं टेकल्याने काही पडत नाही. भुंगेमाशी फुलाला लोंबकळून अंग थरथरवते तेव्हा पराग बाहेर सांडतो. फुलं आली की कान देऊन ऐका, गुणगुण मधेच चढलेली कळते.

पहिली दोन वर्षं खरं काम एकच: खुरपणी. मुळं इतकी वरवर असतात की कुदळ, खुरपं काहीच खोल घालता येत नाही, हाताने वेचावं लागतं. गवताची मुळी एकदा ताटव्यात शिरली की ती वेगळी काढणं अशक्य होतं. म्हणून सुरुवातीपासून पाईनच्या सालीचं चार-पाच सेंटिमीटर आच्छादन ठेवा. खत द्यायचंच असेल तर वसंतात चौरस मीटरला चहाचा एक चमचा अमोनियम सल्फेट पुरे, आणि जुलैनंतर काहीही नाही. तिसऱ्या वर्षी खाण्याइतकी फळं लागतात, पुढे ताटवा भरत जातो.

थंडीची काळजी लोक करतात, पण चुकीच्या दिशेने. बर्फाखाली हे झाड उणे 40 अंशांतही सुखरूप राहतं. त्रास होतो बर्फ नसताना. मार्चमधे ऊन चढतं, हिरवी पानं पाणी उडवू लागतात, खाली माती मात्र गोठलेली, मुळांना थेंबभर मिळत नाही. झाड थंडीने नाही, तहानेने वाळतं. कुंडीतलं रोप हटकून असंच जातं. स्वीडिश माणसं यावर स्प्रूसच्या फांद्या वाफ्यावर आडव्या टाकतात. त्याने सावली होते आणि पडलेला बर्फही अडकून राहतो.

इतकं वाचून पुण्या-नाशिकच्या वाचकाला मोह झाला असेल तर तो आवरावा. देशावरची काळी जमीन चुन्याची. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते हे खरं, पण लिंगनबेरीला लांब, थंड हिवाळ्याची झोप लागते आणि उन्हाळा सौम्य लागतो. ते कुठून आणणार?

फळ तोडण्याआधी पान उलटं करून पाहायचं ते आता. जमीन झाकणारी, लाल फळांची आणखी झाडं बागांतून असतात. अस्वलबेरी, म्हणजे बेअरबेरी, दिसायला अगदी जवळची. तिच्या पानाखाली ठिपके नसतात, शिरांची जाळी असते, फळ पिठूळ आणि बेचव. ते विषारी नाही. पण पार्किंगच्या कडेला, सोसायटीच्या उतारावर लावलेला कोटोनिअ‍ॅस्टर खायचा नाही, आणि लिली ऑफ द व्हॅलीची लाल फळं तर चांगलीच विषारी असतात. मुलांना तोडायला पाठवण्याआधी त्यांना ठिपके दाखवा.

आणि मग फळाचं काय करायचं? लिंगनबेरीत बेंझोइक आम्ल निसर्गतःच असतं. बाजारच्या कोकम सिरपच्या बाटलीवर आयएनएस 211 लिहिलेलं असतं, ते सोडियम बेंझोएट म्हणजे याच आम्लाचं मीठ. बेंझोइक आम्ल फक्त आंबट पदार्थातच नीट काम करतं, कारण तिथेच ते अशा रूपात राहतं की बुरशी-यीस्टच्या पेशीत शिरू शकेल. लिंगनबेरीत आंबटपणाही आहे आणि बेंझोइक आम्लही, म्हणजे टिकवण्याची सगळी सोय आत केलेली. म्हणून जुन्या स्वीडिश घरांत धुतलेली फळं बरणीत घालून वर उकळून गार केलेलं पाणी ओतत आणि थंड कोठीत ठेवत. हिवाळाभर टिकायची, ना साखर ना मीठ. आजची सोपी पद्धत म्हणजे किलोभर फळांत अर्धा किलो साखर घालून न शिजवता ढवळत राहायचं, साखर विरघळली की बरणी भरायची. बटाट्याच्या धिरड्याबरोबर हे उत्तम लागतं. मला विचाराल तर साखरेपेक्षा गूळ, फोडणीत मेथी-मोहरी आणि लाल तिखट, म्हणजे कैरीचा मेथांबा करतो तसा. फळातला मागाहून येणारा कडवटपणा मेथीशी छान जुळतो आणि गूळ दोघांना सांभाळून घेतो. वाइन करायच्या भानगडीत मात्र पडू नका, यीस्ट सहजी चालत नाही.

सहा-सात वर्षांनी ताटवा मध्यभागी विरळ, काटकुळा दिसू लागतो. तेव्हा वसंताच्या तोंडाला, नवी पालवी फुटायच्या आत, जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर ठेवून सगळं छाटून टाकायचं. खालच्या खोडांतून दाट नवं फुटतं. त्या वर्षी तिथे फळ मिळत नाही, म्हणून एका वर्षी अर्धा वाफा छाटावा आणि उरलेला त्याच्या पुढच्या वर्षी.